लेबल थोरलीचं

थोरलीचं नाक गेलं ते एका साध्या तापात. नाक म्हणजे चेहऱ्यावरचं नव्हे. ते होतं तिथेच आहे, चांगलं धारदार. गेला तो वास. ताप उतरला, अंगात बळ आलं, "येईल हळूहळू" म्हणून डॉक्टरांनी हात झटकले, आणि वास काही परत आला नाही. तिनं साबण हुंगून पाहिला, कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, नवऱ्याचा गॅरेजमधून आलेला शर्ट तोंडावर धरला. छे! जिभेचीही तीच गत. खारट आणि गोड कसंबसं पोचायचं, बाकी सगळं पुठ्ठा चघळल्यासारखं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. तिच्या नवऱ्याचंच घ्या. वर्षानुवर्षं स्कूटरची इंजिनं उघडून त्याच्या नाकात पेट्रोलशिवाय काही शिरतच नाही, तरी गडी मजेत आहे. पण थोरलीचा सगळा कारभार नाकावर चाललेला. ती घरी बदामाचं बटर करायची आणि तिच्या बरण्या कोपऱ्यावरच्या बेकरीत जायच्या. बरणीवर पांढरं लेबल, त्यावर तिच्याच अक्षरात दोन ओळी: 'थोरलीचं बदाम बटर. बदाम आणि मीठ, बाकी काही नाही.' हे 'थोरली' नाव घरातलं. दोन भाऊ, दोन जावा. वरच्या मजल्यावर थोरली, खालच्या मजल्यावर धाकटी. अख्ख्या गल्लीत तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं, मग बरणीवर तरी कुठलं घालणार!

आता बदामाचं बटर ते काय आणि त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. करून बघ म्हणावं. बदाम भाजायचे, फूड प्रोसेसरमध्ये टाकायचे, बटण दाबायचं, झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळी मेख भाजण्यात. कमी भाजले तर बटर कच्चं लागतं, खडू खाल्ल्यासारखं. जरा जास्त झालं की जळकं, आणि जळकं बटर मग मीठ घाला, मध घाला, काही केल्या सुधारत नाही. बदामाची साल मुळातच तपकिरी, तेव्हा रंगावर भरवसा ठेवायची सोय नाही. थोरली घड्याळाकडे बघायचीच नाही. ओव्हनपाशी हात पुसत उभी राहायची, आणि वास हवा तसा आला की ट्रे बाहेर. हवा तसा म्हणजे कसा, असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. "कळतं गं," एवढंच म्हणायची.

मग प्रोसेसर. सुरुवातीला नुसता खडखडाट, शेजाऱ्यांनी दार वाजवावं असा. मग भुगा होतो, तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि पातं आपलं रिकामंच फिरतं. थांबायचं, रबरी चमच्यानं कडा खरवडायच्या, परत सुरू. आणि मग येतो तो गोळा. सगळ्या भुग्याचा एक घट्ट, आडमुठा गोळा होतो, भांड्यात आपटत फिरतो, मशीन कण्हायला लागतं, आणि करणाऱ्याला वाटतं, गेलं, सगळं वाया गेलं. इथे माणसं घाबरतात आणि तेल ओततात. थोरली म्हणायची, "गोळा झाला की हाताची घडी घालून उभं राहायचं. मशीन तापलं तर त्याला दम खाऊ द्यायचा, पण तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही. बदामाच्या पोटात तेल आहे. ते त्याच्या मनानं सुटतं." आणि सुटायचंच. गोळा बघता बघता सैल व्हायचा, चकाकायचा, मशीनचा आवाज खाली यायचा आणि भांड्यात गुळगुळीत काहीतरी गोल गोल फिरायला लागायचं. हे तिनं कितीदा तरी केलं होतं, तरी त्या वेळी तिचा चेहरा खुलायचाच.

असं सगळं, आणि नाकच गेलं! थोरली रडली नाही, ती रडणाऱ्यांतली नव्हेच. तापातून उठल्यावर तिनं पहिल्यांदा बदाम ओव्हनमध्ये घातले, सवयीनं हात पुसत उभी राहिली, आणि उभीच राहिली. शेवटी दार उघडून ट्रे समोर धरला तेव्हा तिला कळेना, हे कच्चे आहेत की जळालेत. हे काम गेलं तर तिचं म्हणावं असं दुसरं होतं काय? मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, नवरा दिवसभर स्कूटरींच्या खाली. त्या बरण्यांमुळे गल्लीतले लोक तिला थांबवून बोलायचे. ते गेलं की ती नुसती वरच्या मजल्यावरची बाई.

ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली, धाकटीला. धाकटी या घरात आली तेव्हा तिला धड चहा उकळता येत नव्हता. थोरलीनं तिला हाताला धरून सगळं शिकवलं, तिच्या चुका सासूपर्यंत पोचू दिल्या नाहीत, तिच्या आजारपणात उशाशी बसली. सख्खी बहीण तरी याहून काय वेगळं करते! धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, "एवढंच ना ताई? मग माझं नाक घ्या की! मी उभी राहते ओव्हनपाशी. मी 'आता' म्हटलं की तुम्ही ट्रे काढा. कुणाला कळायचं कारणच काय?"

"कुणाजवळ बोलायचं नाही हं," थोरली म्हणाली. "या कानाचं त्या कानाला नाही."

"माझ्यावर एवढाच का विश्वास?" धाकटीनं लटका राग आणला.

तर असं सुरू झालं. धाकटी एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला जायची. कामावर निघण्याआधी वर यायची, ओव्हनसमोर नाक करून उभी राहायची, आणि "आता!" म्हणाली की थोरली ट्रे ओढायची. दळून, भरून, लेबल लावून बरण्या तयार झाल्या की त्या बेकरीत पोचवायच्याही धाकटीनंच. "माझ्या वाटेवर तर आहे. तुम्ही कशाला जिने चढउतार करता?" धाकटीला कुठे ठेवू आणि कुठे नको असं व्हायचं थोरलीला. नवऱ्याला म्हणायची, "अहो, अशी जाऊ मिळायला नशीब लागतं." तो "हं" म्हणायचा. त्याचं सगळं बोलणं 'हं'मध्येच आटपतं.

थंडी संपत आली तेव्हा धाकटीनं बेकरीवाल्या बाईंचा निरोप आणला. शनिवारी सकाळी बेकरीतच, गिऱ्हाइकांसमोर, बटर करून दाखवायचं. लोकांनाच बघायचंय म्हणे. थोरली हरखून गेली. तिनं एप्रन धुतला, इस्त्री केला, परत एकदा केला. मग तिला वायरीची काळजी लागली. तिच्या प्रोसेसरची वायर होती आखूड. बेकरीत टेबल कुठे, प्लग कुठे, कुणास ठाऊक. धाकटी कामावर गेलेली. थोरलीनं चपला घातल्या आणि स्वतःच निघाली. कित्येक महिन्यांत ती बेकरीत गेली नव्हती.

बेकरीवाल्या बाई कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. थोरलीला बघताच धावत आल्या. "अगंबाई, वहिनी! या, या, सावकाश. पायरी आहे हं तिथे." पायरी थोरलीला दिसत होती. नाक गेलं होतं, डोळे नव्हते. पण तिनं ते हसण्यावारी नेलं.

"शनिवारचं टेबल कुठे लावणार ते बघायला आले."

"हे काय, इथेच. आणि ही तुमची खुर्ची." बाईंनी एक खुर्ची दाखवली. तिच्यावर चांगली मऊ उशी ठेवलेली. "तुम्ही इथे आरामात बसायचं, लोकांशी चार शब्द बोलायचे. करायचं ते धाकट्या वहिनी करतीलच."

"ती कशी करेल?" थोरली हसली. "तिला गोळा बघूनच घाम फुटतो."

एकदम बाईंना कपाटावरची धूळ दिसायला लागली. थोरलीला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. काउंटरवर तिची एक बरणी उघडी होती, चाखायला म्हणून बारके चमचे शेजारी. तिनं लेबल सरळ केलं आणि चमचा बुडवून वर धरला. बटर टपकन खाली पडलं.

तिचं बटर असं पडत नाही. ते चमच्याला धरून राहतं, ओघळलं तरी मनात येईल तेव्हा ओघळतं. तिनं चमचा तोंडात घातला. चव नाहीच, ती अपेक्षाही नव्हती. पण जिभेला स्पर्श कळतो ना! तिचं बटर टाळूला चिकटतं, जिभेनं सोडवावं लागतं. हे मात्र जिभेवरून घसरलं आणि थेट घशात उतरलं. तेल. कुणीतरी गोळ्याला भिऊन तेल ओतलं होतं.

"हे माझं नाही," थोरली म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे… तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही? मला वाटलं शनिवारचं ठरलं तेव्हा तरी बोलल्या असतील."

"काय सांगायचं होतं?"

मग बाईंनी सांगितलं. सांगताना पिठाचे हात सारखे एकमेकांवर चोळत होत्या. थंडी सुरू झाली तेव्हा धाकटी आली, रडवेली होऊन. ताईंना वास येत नाही म्हणाली. त्यांचं बटर आता जळकं होतं, पण त्यांना सांगवत नाही, खचतील बिचाऱ्या. तेव्हा मीच माझ्याकडे करून आणते, लेबल त्यांचंच राहू द्या, आणि तुम्ही कृपा करून त्यांना कळू देऊ नका. "मला बाई इतकं भरून आलं ऐकून!" बाई म्हणाल्या. "म्हटलं, जाऊ असावी तर अशी."

"तुम्ही माझं जळकं खाऊन बघितलंत?"

"मी? नाही हो. त्या म्हणाल्या ना."

थोरली कशी घरी आली तिचं तिला माहीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपलं गुपित बेकरीच्या काउंटरवर पडलं होतं. रोज सकाळी "आता!" म्हणणारी ही बाई त्याच बरण्या खाली नेऊन गडप करत होती, आणि वर येऊन परत "आता!" म्हणत होती. थोरली तिचे आभार मानत होती! स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली की जिन्यात थांबून तिनं कठड्याला धरलं.

ती वर गेलीच नाही. धाकटीच्या दाराला नुसती कडी असायची, दोन घरांत कुलूप कधी नव्हतंच. ओट्यावर धाकटीचा छोटा प्रोसेसर होता, भांडं बुळबुळीत, शेजारी तेलाची बाटली. त्याची घरघर थोरलीला वर ऐकू यायची. ती तेव्हा कौतुकानं म्हणायची, चला, बाई शिकली एकदाची! बेसिनखालच्या कपाटात, बादल्यांच्या मागे, तिच्या अलीकडच्या बरण्या होत्या. सगळ्या भरलेल्या, झाकण लावलेल्या. लेबलं तेवढी काढलेली, गोंदाचे चौकोन मागे राहिलेले. तिनं एकेक बरणी काढून टेबलावर मांडली आणि खुर्ची ओढून बसली.

संध्याकाळी धाकटी आली. "ताई, तुम्ही इथे?" म्हणाली आणि मग तिला टेबल दिसलं. खांद्यावरची पिशवी न काढताच ती समोर बसली.

"बोल," थोरली म्हणाली.

"जळकं होत होतं, ताई."

"तू 'आता' म्हणायचीस, मी तेव्हाच काढायचे."

"तेव्हाच कुठे! तुम्ही आधी फडकं शोधणार, मग ट्रे धरणार, तोवर जळायचं. थोडंसंच, पण जळायचं. दरवेळी. मी काय करणार होते? तुम्ही एवढ्या आनंदात असायचात. तुमचं तोंड बघून बोलायचा धीरच झाला नाही."

"बेकरीत बोलायचा बरा झाला!"

"तुमच्यासाठीच बोलले. नाहीतर त्यांनी बरण्या घेणंच बंद केलं असतं. मग काय केलं असतंत?" धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी तुमचं नाव राखलं, ताई. आणि तुम्ही मलाच असं बघताय."

फडकं थोरलीला कधी कधी सापडत नसे, हे खरं होतं. तिनं एका बरणीचं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं, अगदी बटर नाकाच्या शेंड्याला लागेपर्यंत. काही नाही. बोटानं चाटलं. मीठ, आणि बाकी पुठ्ठा. हे जळकं आहे की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. आजवर ज्या नाकाला विचारलं ते नाक समोर बसून पदरानं डोळे पुसत होतं. जळकं असेल, तर या मुलीनं आपली माया केली, वेडीवाकडी का होईना, पण माया केली. आणि जळकं नसेल, तर हिनं केसानं गळा कापला. थोरली बरण्या पिशवीत भरून जिना चढली आणि प्रत्येक पायरीला मनात म्हणत राहिली, जळकंच असू दे. देवा, जळकंच निघू दे.

तिनं नवऱ्याला चमचाभर दिलं. "कसंय?"

"छान."

"नीट खा हो. जळकं लागतंय का?"

त्यानं विचार केला. "थोडं लागतंय बहुतेक."

"नक्की?"

"नसेलही."

"तुम्हाला पावाला ग्रीस फासून दिलं तरी छान म्हणाल!"

"कुठलं ग्रीस?" त्यानं विचारलं, आणि थोरलीनं त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. शेजारणीला विचारण्यातही अर्थ नव्हता; ती तोंडावर कधी वाईट बोलायची नाही. ज्यांना थोरलीचं मन राखायची गरज नाही अशी माणसं पाहिजे होती. ती शनिवारी बेकरीत भेटणार होती.

शनिवारी ती प्रोसेसर आणि बरण्यांची पिशवी घेऊन निघाली. धाकटी तिच्या मागून आली. बेकरीत पोचल्यावर थोरलीनं उशीची खुर्ची उचलली, भिंतीकडे सरकवली आणि स्वतः टेबलामागे उभी राहिली. बाई काही म्हणायला आल्या होत्या, तिचा चेहरा बघून परत फिरल्या.

बदाम बाईंनी त्यांच्या भट्टीत भाजून ठेवलेच होते. थोरलीनं ते भांड्यात घातले, बटण दाबलं, आणि खडखडाटानं पावासाठी आलेली माणसंसुद्धा वळून उभी राहिली. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स होती, हातात शिट्टी असलेले एक खेळाचे मास्तर, कुत्र्याला बाहेर बांधून आलेले एक पेन्शनर आजोबा, आणखी चारदोन जण. थोरली कडा खरवडत होती, थांबत होती, परत सुरू करत होती. मग गोळा झाला आणि मशीन कण्हायला लागलं.

"अहो, तेल घाला थोडं! मोटर जळेल!" मास्तर ओरडले.

"जळत नाही," थोरली म्हणाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. लोक हसले. भट्टीच्या दारापाशी उभ्या असलेल्या धाकटीनं मान खाली घातली. थोड्या वेळानं गोळा सुटला, चकाकला आणि गोल फिरायला लागला. आजोबा "वा!" म्हणाले. थोरलीचा चेहरा मात्र आज खुलला नाही.

तिनं मशीन बंद केलं आणि टेबलावर दोन उघड्या बरण्या ठेवल्या. एक काउंटरवरची, लेबल काढलेली. दुसरी बादल्यांमागची. "हे ताजं निवेपर्यंत माझं एक काम करा," ती म्हणाली. "दोन्ही खाऊन बघा. यातलं एक जळकं आहे असं म्हणतात. तापानंतर मला वास येत नाही, चवही कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तोंडदेखलं काही सांगू नका."

एवढ्या लोकांसमोर ते बोलून गेल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या चमच्यांकडे होतं. नर्सनं आधी काउंटरवरचं चाखलं. "हे ठीक आहे. जरा तेलकट." मग दुसरं तोंडात घातलं. थोरली तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. कर ना तोंड वाकडं, मनात म्हणत होती. एवढंसं कर. थू म्हण.

नर्सनं डोळे मिटले. टाळूला चिकटलेलं बटर जिभेनं सोडवत ती म्हणाली, "जळकं कुठंय? हे तर ते आधीचं! मधे काय झालं होतं हो तुमच्या बटरला? अलीकडे पूर्वीसारखं नव्हतं. मी म्हटलं, असेल, जाऊ दे."

"नीट बघा. कडवट, धुरकट, काही?"

"काही नाही हो."

मास्तरांनी चाखलं आणि परत घेतलं. आजोबांनी कुत्र्यासाठी म्हणून बोट भरून घेतलं आणि स्वतःच चाटलं. कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. थोरलीनं पिशवीतली दुसरी बरणी उघडली, मग तिसरी. "ही बघा. ही तरी." लोकांना वाटलं, बाई खुशीत येऊन वाटतायत. ते खात होते, चमचे चाटत होते, माना डोलवत होते, आणि एकेक 'वा' थोरलीला तोंडात मारल्यासारखी लागत होती. शेवटी बेकरीवाल्या बाईंनी चमचा घेतला. खाल्लं. चमचा हळूच खाली ठेवला आणि भट्टीच्या दाराकडे बघितलं. धाकटी तिथे नव्हती.

ती मागच्या खोलीत होती, मैद्याच्या पोत्यांपाशी. थोरली आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"तू माझं एकदा तरी खाऊन बघितलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी," धाकटी म्हणाली. आज ती रडत नव्हती. "चांगलं होतं. नेहमीसारखं."

"मग का गं? का?"

"नाक माझं, बरण्या वाहणारी मी, आणि गल्लीत लोक मला थांबवून काय म्हणायचे? 'थोरल्या वहिनींना सांगा हं, काय बटर झालंय!' मी नुसती निरोप सांगणारी. घरात तुमचा हात, तुमची चव, तुमचं शिकवणं. माझ्या हातचं कुणी काही मागितलं का कधी? मला बघायचं होतं, माझं केलेलं लोक खातात का. माझ्या नावावर कोण घेणार होतं? म्हणून तुमच्या नावावर दिलं. खाल्लं लोकांनी. छान म्हणाले. मग मला थांबवेना."

"अगं, मला म्हणाली असतीस तर मी लेबलावर तुझं नाव नसतं का घातलं?"

"घातलं असतंत. खाली, बारीक अक्षरात."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "थोरल्या वहिनी, ताजं निवलं हो, या ना!" थोरली तशीच उभी राहिली. राग होता तो कुठे गेला कुणास ठाऊक. तिला फक्त दिसत होती ओव्हनसमोर नाक करून उभी राहिलेली धाकटी, आणि तिच्या शेजारी हात पुसत उभी असलेली आपण, अख्खी थंडी, रोज सकाळी. ते सगळं घरातून बाहेर टाकून द्यावं लागणार होतं आणि तिच्यानं ते होणार नव्हतं.

तिनं धाकटीचे दोन्ही हात धरले. "हे बघ, ऐक माझं. फक्त एकदा म्हण, 'ताई, तुमचं जळकं होतं.' बाहेरची माणसं काही का म्हणेनात, मी तुझं मानते. शपथ, मानते. परत कधी हा विषय काढणार नाही. म्हण ना गं."

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलीकडे बघितलं, आणि परत मिटलं. अख्खी थंडी खोटं बोललेल्या त्या बाईला तेवढं एक खोटं काही केल्या बोलता आलं नाही.